आजोळच्या खोपीतली जुनी टू-सीटर : इंजिन बदलायचं की आहे तेच उठवायचं?

आजोळकर (देवगड)

नमस्कार मंडळी. विजयदुर्गाच्या अलीकडे माझं आजोळ. तिथे कलमांच्या बागेमागे चिऱ्याची एक खोप आहे आणि तिच्यात मी लहान असल्यापासून एक जुनी गाडी उभी आहे, पण तिच्यावर आंब्याच्या पेट्या, सुतळ्या, कोणाचा तरी मोडका पाळणा असं सगळं रचलेलं असायचं म्हणून आम्ही कधी धड बघितलीच नव्हती. आता वाटण्या झाल्या, खोप मामेभावाच्या वाट्याला आली, त्याला तिथे फवारणीचा पंप न् सामान ठेवायचंय, म्हणून पेट्या उपसल्या तर खाली अख्खी गाडी.

गाडी अशी आहे : दोन माणसांची सीट, मागे डिकीचं झाकण उलटं उघडलं की अजून एक सीट. दरवाज्यांना काचाच नाहीत, पुढची काच आडवी पाडता येते (एका बाजूचा स्क्रू फिरतो, दुसरा गंजून बसलाय). हूडचं कापड संपलंय, लाकडी कमानी तेवढ्या राहिल्यात, त्यातली एक वाळवीने खाल्लेली. स्टिअरिंग उजवीकडे, आणि स्टिअरिंगच्या खाली मिशीसारखे दोन दांडे. घरात मोठे मामा शेव्हरलेट म्हणतात, धाकटे फोर्ड म्हणतात, आणि ती मुंबईहून बोटीतून आली एवढ्यावर दोघांचं एकमत, म्हणजे चमत्कारच. इंजिन जाम. हँडल घालून बघितलं, हूं की चूं नाही.

घाटावरच्या एका गॅरेजवाल्याला फोटो पाठवले तर तो म्हणतो जुनं इंजिन भंगारात घाला, जीपचं डिझेल इंजिन बसवतो, ब्रेक नवीन करतो, लालभडक रंग मारतो, लग्नाच्या वरातीला भाड्याने द्या. आकडा ऐकून मी फोन ठेवला. पण मनात किडा वळवळतोय. तर गाडी नेमकी कुठली, सुरुवात कुठून करायची, आणि कागद काही नसताना ती कधी रस्त्यावर येईल का? मिरगाच्या आधी काहीतरी ठरवायला हवं कारण खोपीचे नळे (कौलं) फुटलेत आणि पाणी बरोब्बर बोनेटवर पडतं.

चारसिलिंडर (पुणे)

वाचून खुर्चीवर सरळ बसलो 😀 तुमचे धाकटे मामा बरोबर असावेत, पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, खोपीत जाऊन चार गोष्टी बघा.

आधी पुढच्या चाकांमागे खाली वाका. पाटा एकच आहे का आणि तो गाडीला आडवा आहे का? आडवा असेल तर फोर्ड. त्या काळच्या शेव्हरलेटला प्रत्येक चाकाशी वेगळा, गाडीच्या लांबीत लावलेला पाटा असतो. मग पेट्रोलचं झाकण शोधा. पुढच्या काचेच्या समोर, बोनेट संपतं तिथे झाकण असेल तर ती मॉडेल ए. या गाडीत टाकी डॅशबोर्डच्याच जागी असते, म्हणजे अख्खं पेट्रोल तुमच्या गुडघ्यांसमोर, आणि ते पंपाशिवाय नुसतं उतारावरून कार्बोरेटरमध्ये येतं. डॅशवरचा पेट्रोलचा काटासुद्धा थेट टाकीतल्या फ्लोटवर चालतो, मध्ये वायर नाही काही नाही. आज असं काही पास होणार नाही पण तेव्हा चाललं.

ते दोन दांडे म्हणजे एक स्पार्कची वेळ पुढेमागे करायचा, एक हातातला ॲक्सिलरेटर. ते फोर्डच्याच आधीच्या मॉडेल टी ला पण असतात, त्यामुळे त्यावरून गोंधळ होतो. खाली पेडल बघा. टी ला तीन पेडल असतात पण ती क्लच-ब्रेक-ॲक्सिलरेटर नसतात, गिअरच पायाने पडतात. तुमच्याकडे मध्ये गिअरचा लांब दांडा असेल तर टी नाही.

थोडा इतिहास, कारण मजेशीर आहे. फोर्डने टी १९०८ पासून काढली ती दीड कोटी गाड्या होईस्तोवर तीच, आणि मे १९२७ मध्ये बंद केली तेव्हा नवीन गाडी तयारच नव्हती! कारखाने महिनोन्महिने बंद. मग २ डिसेंबर १९२७ ला मॉडेल ए लोकांना दाखवली. म्हाताऱ्या हेन्रीने इंजिन न् चॅसिसमध्ये लक्ष घातलं, आणि गाडी दिसायला बरी आहे ती मुलगा एडसेलमुळे. ३.३ लिटरचं चार सिलिंडर, ४० हॉर्सपॉवर, तीन गिअर, चारही चाकांना ब्रेक. रोडस्टर हा तिचा सगळ्यात स्वस्त प्रकारांपैकी एक, अमेरिकेत सुरुवातीची किंमत ३८५ डॉलर. दरवाज्यांना काचा नाहीत, छत कापडाचं, पाऊस आला की बाजूला पडदे लावायचे. ही गाडी कोकणात कोणी का घेतली असेल ते त्या माणसालाच माहीत, जुलैमध्ये तो आतून किती भिजत असेल 😂

इकडे आलेल्या फोर्ड बहुतेक कॅनडाच्या. ब्रिटिश साम्राज्यात गाड्या विकायचे हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होते आणि तिनेच १९२६ ला भारतात आपली कंपनी काढली. म्हणून उजवं स्टिअरिंग. आणि मोठ्या मामांचं पण चूक नाही, जनरल मोटर्सने १९२८ ला मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना टाकला, तिथून शेव्हरलेट इतक्या बाहेर पडल्या की त्या पिढीला बैलांचा छकडा सोडून सगळंच शेव्हरलेट.

आता साल. टायरच्या कडेवर आकडा वाचा, ४.५०-२१ असेल तर २८-२९ ची, ४.७५-१९ असेल तर ३०-३१ ची (कोणी चाकं बदलली नसतील तर). आणि रेडिएटरच्या चौकटीला लोहचुंबक लावा. २८-२९ ला ती निकेलची कल्हई केलेली असायची, ३०-३१ ला स्टेनलेस, तिला चुंबक चिकटत नाही किंवा अगदीच नावाला चिकटतो. शेवटी इंजिन नंबर. ब्लॉकच्या डाव्या बाजूला, रेडिएटरचा खालचा पाइप जिथे शिरतो त्याच्या वर एक उचललेली पट्टी आहे, रॉकेलच्या फडक्याने पुसा. घासू नका. पॉलिश पेपर तर अजिबात नको.

आजोळकर

काल जाऊन आलो. पाटा आडवा, एकच. पेट्रोलचं झाकण काचेच्या पुढे. गिअरचा दांडा आहे, वरचा गोळा गायब. तीन टायर कुजून रिमवर बसलेत पण चौथ्यावर ४.७५-१९ वाचता येतं. मामेभावाने स्पीकरमधलं चुंबक आणलं, मडगार्डला फाडकन चिकटलं, रेडिएटरच्या चौकटीला नाही. आणि गंमत म्हणजे अख्खी गाडी तांबूस झालीय पण ती चौकट न् हेडलाइटच्या वाट्या ओल्या फडक्याने पुसल्या तर लखलखीत!! इंजिन नंबरच्या सुरुवातीला सीए आहे.

चारसिलिंडर

सीए म्हणजे कॅनडा. १९३० किंवा ३१ ची मॉडेल ए रोडस्टर, डिकी सीटवाली. अभिनंदन, आणि मोठ्या मामांना सौम्यपणे सांगा.

समुद्रदर्शन (गुहागर)

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझं होमस्टे आहे. अशी गाडी चालू करून करणार काय? ६५ च्या वर हायवेला पळवायची नाही, पार्ट बाहेरून मागवायचे, कस्टम भरायचं, आणि दरवर्षी पावसाळ्यात परत तेच. त्यापेक्षा इंजिन राहू दे जाम, बाहेरून छान रंग काढा न् अंगणात माडाखाली उभी करा. लोक फोटो काढतात, मुलं बसतात. मला कोणी दिली तर मी उद्या टेम्पो घेऊन येतो. त्या डिझेलवाल्याचं पण अगदीच वेडेपणाचं नाही, निदान गाडी फिरेल तरी.

पत्रेवाला (चिपळूण)

@समुद्रदर्शन माडाखाली?? वरून नारळ पडला तर बोनेटचं काय होईल ते सोडा, पण समुद्रापासून दोनशे पावलांवर रंग मारून उघड्यावर ठेवलेल्या जुन्या पत्र्याचं काय होतं ते मी रोज बघतो, धंदाच आहे माझा. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात, फोड फोडला की खाली काळं पाणी. त्याचं कारण मीठ. खारी हवा पत्र्यात सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडते आणि मीठ त्या खड्ड्यांच्या तळाशी बसतं, वरचा गंज घासून काढला तरी ते आतच राहतं. मग त्यावर प्रायमर मारा, पुट्टी मारा, इटलीचा रंग मारा, मीठ ओलावा ओढणारच.

म्हणून आजोळकर, तुमचं पहिलं काम रंगाचं नाही, धुण्याचं आहे. विहिरीचं गोडं पाणी, जमलं तर गरम, आणि भरपूर. मडगार्डच्या आतून, फुटबोर्डच्या खालून, दरवाज्याच्या तळातून, चॅसिसच्या पन्हाळीतून. कडक उन्हात वाळवायचं, परत धुवायचं. मडगार्ड न् फुटबोर्ड बोल्टवर आहेत, बोल्ट तुटतील, तुटू देत, कापलेत तरी चालेल पण मडगार्डचा पत्रा वाकवू नका.

सुटे पार्ट गंजमुक्त करायला आमच्याकडे सगळे ग्राइंडर घेऊन धावतात. ग्राइंडर गंजाबरोबर पत्रा पण खातो. त्यापेक्षा काकवी. हो, भाकरीबरोबर खायची तीच. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात पार्ट पूर्ण बुडवून ठेवायचा, एक ते तीन आठवडे. ती गंज उचलते आणि चांगलं लोखंड तसंच ठेवते. वास असा सुटतो की घरचे बाहेर काढतील, त्यामुळे पिंप बागेच्या टोकाला. पण ॲल्युमिनियम त्यात घालायचं नाही, खाऊन टाकते. या गाडीचे पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत, तेवढं लक्षात ठेवा. बाहेर काढलं की लगेच धुवून वाळवून प्रायमर, आमच्या हवेत तासाभरात परत तांबूस झाक येते.

घाई असेल तर धुण्याचा सोडा पाण्यात घालून बॅटरी चार्जर लावायचा, मायनस तुमच्या पार्टला, प्लस कुठल्याही भंगार सळीला. स्टेनलेसची सळी प्लसला कधीच लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे उघड्यावर करा, हायड्रोजन सुटतो, शेजारी विडी ओढत कोणी उभा नको.

रंगाचं नंतर बघू. लाल मात्र नको हो. सीटखाली, टाकीच्या मागच्या अंगाला, नाहीतर दरवाज्याच्या बिजागरीमागे मूळ रंगाचा तुकडा नक्की सापडेल, तो जपून ठेवा. मडगार्ड मात्र काळेच, बॉडीचा रंग कुठलाही असो. वाळवी लागलेली कमान सागाची करा, आमचे सुतार एका दिवसात वाकवून देतील, जुनी कमान नमुन्याला फेकू नका म्हणजे झालं. बॉडीत बाकी लाकूड फार नाही, बरीचशी पत्र्याचीच आहे, तेवढं तुमचं नशीब.

आणि ताडपत्री!! गाडीला ताडपत्री गुंडाळून ठेवू नका. खालून जमिनीची ओल येते आणि आत घाम धरतो. नळे बदला, चाकांखाली फळ्या घाला, वारा खेळू द्या.

जेटीवरचो (मालवण)

रे बाबा पयली गोष्ट, बॅटरी लावन सेल्फ मारूक जाव नको. जाम इंजिन जोर लावन फिरवलंस तर सुटाचा नाय, मोडात.

बाकीच्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. आमची होड्यांची इंजिनं दर पावसाळ्यानंतर अशीच बसतात, खाऱ्या पाण्याने. फोर्डच्या या इंजिनाचं एक सुख आहे, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, हेड म्हणजे वरचं नुसतं झाकण. म्हणून हेड काढलं की पिस्टन न् व्हॉल्व्ह दोन्ही डोळ्यासमोर. पण हेडचे नट सरळ पान्याने पिळाल तर स्टड तुटून ब्लॉकात राहणार. आधी रोज थोडं डिझेल न् पातळ ऑइल मिसळून स्टडच्या मुळाशी सोडा, वरून हातोडीने टिचक्या द्या, मग नट थोडा घट्ट करायच्या दिशेने हलवा आणि मग सोडवा. प्लग काढून सिलिंडरमध्ये पण तेच मिश्रण. ॲसिटोन न् गिअरचं पातळ ऑइल मिळालं तर जास्त चांगलं, पण ते भसकन पेटतं.

कितीतरी वेळा पिस्टन मोकळे असतात आणि एखाद-दुसरा व्हॉल्व्ह आपल्या नळीत (गाइडमध्ये) गंजून बसलेला असतो. लोक पिस्टन समजून त्यावर ठोकत बसतात. बाजूची पट्टी उघडा, स्प्रिंगा दिसतील, कुठली दबलेली राहिली ते बघा.

दुसरं, खालचा सम्प (ऑइलची तळटाकी) काढून व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ पांढरा धातू, बघा. या इंजिनात आजच्यासारखे तयार बेअरिंगचे कप नाहीत, व्हाइट मेटल ओतून मग बोअर करतात. बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला) प्रेशरने ऑइल जात नाही, कनेक्टिंग रॉडच्या टोकाला छोटा चमचा असतो तो खालच्या ताटलीतलं ऑइल उडवतो. त्यामुळे ऑइल कमी झालं की पहिला बिग एंड बोलायला लागतो. व्हाइट मेटल ओतणारे म्हातारे मेस्त्री आता कमी राहिले, पण बंदरांच्या आसपासच्या लेथवाल्यांकडे विचारलं तर पत्ता लागतो. भेगा नसतील, पापुद्रे सुटले नसतील, तर उगाच नवीन ओतू नका.

आणि जेव्हा कधी सुरू कराल तेव्हा, हँडल मारायच्या आधी स्पार्कचा दांडा वर. वर म्हणजे स्पार्क उशिरा. खाली राहिला तर इंजिन उलटं मारतं आणि मनगट जातं. हँडलला अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मूठ वळायची नाही, न् खालून वर ओढायचं. बॅटरी सहा व्होल्टची आणि प्लस बॉडीला, आजच्या गाड्यांच्या उलटं. वायरमनला हे आधी सांगा नाहीतर तो सवयीने जोडून मोकळा होईल.

चारसिलिंडर

जेटीवरचो यांना दंडवत. फक्त पेट्रोलचं जोडतो. कॉम्प्रेशन ४.२२ ला १, म्हणजे फारच कमी, त्यामुळे ऑक्टेनची चिंता नाही, कसल्याही पेट्रोलवर चालेल. पण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि कोकणातल्या हवेत पाण्याला काय तोटा, म्हणजे टाकी आतून परत गंजणार आणि तो गंज उतारावरून थेट कार्बोरेटरात. काट्याचा फ्लोट कॉर्कचा असेल आणि त्यावर लाखेचं पॉलिश असेल तर ते पण इथेनॉलमध्ये विरघळतं. तेव्हा टाकीत पेट्रोल भरून महिनोन्महिने ठेवू नका. जुन्या टाकीला भोक असेल तर तिच्याजवळ वेल्डिंगची ठिणगीसुद्धा नको, कितीही वर्षं रिकामी असली तरी.

पार्टचं @समुद्रदर्शन म्हणतात तेवढं वाईट नाही. मॉडेल ए सुमारे ४८ लाख बनल्या, त्यामुळे अमेरिकेत गॅस्केटपासून मडगार्डपर्यंत सगळं आजही नवीन बनतं. जड वस्तू मागवू नका, भाड्यातच मराल. स्पार्कचे पॉइंट न् कंडेन्सर, गॅस्केट, पाण्याच्या पंपाचं पॅकिंग असलं हलकं मागवा.

वारसनोंद (रत्नागिरी)

सगळे इंजिनात बुडालेत, कागदाचं कोणी बोलत नाहीये म्हणून मी.

२०२१ च्या जुलैत केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांवरची, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं, पुढे पाच-पाच वर्षांसाठी ५ हजार. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर, फॉर्म २०, सोबत विमा, आणि गाडी आधी भारतात नोंदलेली असेल तर जुनं आरसी. आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो.

आता मुख्य. नियमात स्पष्ट आहे की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी व्हिंटेज धरली जात नाही. म्हणजे तो जीपचा डिझेल बसवलात की विषय संपला, ना ती फोर्ड राहिली ना व्हिंटेज नोंदणी मिळाली. आणि वरातीचं भाडं विसरा, या नोंदणीवर धंद्याला वापरता येत नाही, रोजच्या फिरण्यालाही नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

म्हणून आजपासून दोन कामं करा. घरातल्या ट्रंका, देव्हाऱ्यामागचे डबे, जुन्या सातबाऱ्यांच्या पिशव्या सगळं धुंडाळून आरसीचं पुस्तक, टॅक्सची पावती, विम्याचा कागद काय मिळेल ते बाहेर काढा. नंबर प्लेट मोडकी असली तरी टाकू नका. आणि दुसरं, गाडी कोणाची हे आत्ताच कागदावर आणा. खोप मामेभावाची म्हणून गाडी त्याची होत नाही, आजोबांच्या सगळ्या वारसांची संमती लागेल. आज ती भंगार आहे तोवर सगळे सही करतील. इंजिन सुरू झाल्यावर मुंबईच्या मावशीला पण आठवण येईल, लिहून ठेवा.

समुद्रदर्शन

वारसनोंद, हे डिझेलचं मला माहीत नव्हतं. बरं झालं. माझी ऑफर मागे. पण गाडी चालू झाली की एक दिवस गुहागरला आणा, राहायची सोय माझ्याकडे.

आजोळकर

सगळ्यांचे मनापासून आभार. संमतीपत्राचा मसुदा धाकट्या मामांनी लगेच करायला घेतलाय (ते तलाठी ऑफिसात होते, हौस आहे), मोठे मामा आधी गाडी फोर्ड असल्याचं मान्य करायला तयार नाहीत, पण सही करतील. डिझेलवाल्याला नाही कळवलं. नळे या आठवड्यात बदलतो, गाडी पुढे अंगणात ढकलून धुऊन घेतो, प्लग काढून डिझेल सोडायला सुरुवात करतो. हेडला हात पावसाळ्यातच लावीन, तेव्हा बागेची कामं कमी असतात.

एकच विचारायचं राहिलं. काकवी पिंपभर पाहिजे तर आणायची कुठून? इकडे दुकानात बाटलीत मिळते, त्या भावात मडगार्ड बुडवायचे तर कलमं विकावी लागतील.

पत्रेवाला

साखर कारखान्याची मळी सगळ्यात चांगली आणि स्वस्त, पण तिला एक्साइजचे परवाने लागतात, त्या भानगडीत पडू नका. कोल्हापूरकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर जा आणि तळाची, जास्त शिजलेली, खायला कोणी घेत नाही अशी काकवी मागा, कॅनने देतात. गुऱ्हाळं उन्हाळ्यात बंद होतात, त्यामुळे लवकर निघा. गगनबावड्याने उतरताना कॅनची झाकणं दोनदा तपासा. आणि पिंपावर जड फळी ठेवा हो, नाहीतर वासाने गुरं येऊन गंजासकट पितील.